गॅरेजची पत्रपेटी : घोडा डावीकडे का बसतो?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत. चेसिसला बोल्ट केलेली हाताच्या मुठीएवढी डबी, तिच्यातून निघालेला एक आर्म आणि त्या आर्मला अ‍ॅक्सलशी जोडणारा वीतभर लिंक रॉड. हवेच्या सस्पेन्शनमध्ये गाडी किती उंच उभी आहे हे ही डबी मोजते, म्हणून तिला हाइट सेन्सर म्हणायचं. गाडी वाकडी उभी राहिली की पहिला आरोप तिच्यावर येतो. माझ्या अनुभवात दहापैकी सात-आठ वेळा ती निर्दोष सुटते.

प्रश्न : मिस्त्री, माझे दोन ट्रेलर कळंबोलीहून स्टीलच्या कॉइल भरून सोलापूर-हैदराबाद लाइनला चालतात. एका घोड्याला (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला) मागे एअर सस्पेन्शन आहे : चार बेलो, म्हणजे हवेचे रबरी फुगे, आणि दोन हाइट सेन्सर. ऑगस्टात बोरघाट चढताना पिवळा दिवा लागायचा आणि लोणावळ्याला चहाला थांबलो की आपोआप जायचा. गॅरेजवाल्याने मीटर लावला. आर्म वर-खाली केला तरी रीडिंग बदलत नाही म्हणून त्याने डावा सेन्सर खराब ठरवला आणि नवा टाकला. तेव्हापासून चावी फिरवली की पाचएक मिनिटांत डावी बाजू पार रबरावर जाऊन टेकते. नवाही खराब निघाला म्हणून आणखी एक आणला. तीच गत. 22 हजार गेले. आता तो म्हणतो ईसीयू, म्हणजे सस्पेन्शनचा कॉम्प्युटर, गेला. ड्रायव्हरने काढलेला कामाच्या आधीचा आणि नंतरचा फोटो जोडला आहे.
— एक वाचक, कळंबोली

उत्तर : ईसीयूची ऑर्डर दिली असेल तर हे वाचायचं अर्धवट सोडून आधी फोन करा आणि ती थांबवा. मग पुढचं वाचा.

तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे बिघाड आहेत. एक गाडीचा स्वतःचा, आणि दुसरा दुरुस्तीने दिलेला. दुसरा आधी घेतो, कारण तो तुमच्या फोटोतच दिसतोय. जुन्या फोटोत सेन्सरचा आर्म पुढच्या टायरकडे तोंड करून आहे. नव्या फोटोत डबी जशीच्या तशी, तिचा कपलरही (वायरचा जोड) त्याच बाजूला, पण आर्म मागच्या मडगार्डकडे गेलाय. लिंक रॉडही त्यासोबत तिरका ओढून बसवलाय. हे सेन्सर डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना चालावेत म्हणून आर्म शाफ्टवर वेगवेगळ्या दिशांनी बसवता येतो. नवा सेन्सर खोक्यातून निघतो तेव्हा आर्म कुठल्या तोंडाने लावायचा हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. जुना काढायच्या आधी खडूने खूण करायची, किंवा तुमच्या ड्रायव्हरने केलं तसं फोटो काढून ठेवायचा. त्या पोराला माझ्यातर्फे एक चहा पाजा.

आर्म उलटा बसला की काय होतं ते बघा. चेसिस खाली आलं की आर्म वर उचलला जातो. सरळ बसलेला आर्म ईसीयूला सांगतो, ‘खाली आलो’. उलटा बसलेला सांगतो, ‘वर गेलो’. मग ईसीयू बिचारा हवा सोडतो. हवा सुटली की गाडी आणखी खाली येते आणि सेन्सर म्हणतो ‘आणखी वर गेलो’. पुन्हा हवा सुटते. असं करत गाडी रबरावर टेकते. सुरुवातीला बाजू जरा उंच असती तर हाच खेळ उलटा झाला असता आणि ती टोकापर्यंत फुगली असती. उलट्या आर्मची ओळख हीच : गाडी तळाला जाईल नाहीतर टोकाला, मधे कुठेच थांबणार नाही. म्हणूनच दुसरा सेन्सर टाकूनही फरक पडला नाही. एकाच मिस्त्रीने, एकाच समजुतीने, दोन्ही सेन्सर एकाच चुकीच्या तोंडाने लावले.

आता मूळ बिघाड. इथे मला तुमच्या गॅरेजवाल्याला बोल लावायचा नाही, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. मी दापोडीला एसटीच्या कार्यशाळेत शिकाऊ उमेदवार होतो, तिथे आमचा संबंध लेव्हलिंग व्हॉल्व्हशी. तोच आर्म, तोच रॉड, पण आत वायर नाही, सरळ हवेची झडप. पुढे निगडीत स्वतःचं गॅरेज टाकल्यावर पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक सेन्सरची गाडी आली. मी मीटर लावला, दोन पिनांत साधारण 120 ओहम आले. आर्म वर केला, 120. खाली केला, 120. मेला म्हणून काढून टाकला. तो सेन्सर आज माझ्या टेबलावर बिलांच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून आहे, आणि तो अजूनही ठणठणीत आहे.

कारण मोठ्या ट्रकांवरचा हा सेन्सर बहुतेक वेळा नुसती एक कॉइल असते. आर्म फिरला की आतला लोखंडी गाभा कॉइलमध्ये आत-बाहेर सरकतो. त्याने कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाह बदलायला कॉइल करते तो विरोध) बदलतो, तारेचा रेझिस्टन्स नाही. तार तेवढीच, तिची लांबी तेवढीच, मग ओहम कशाला बदलतील? इंडक्टन्स ईसीयू स्वतः सेकंदाला कित्येक वेळा मोजतो. आपला साधा मीटर तो मोजतच नाही. म्हणजे ‘आर्म हलवला तरी 120 च दाखवतो’ हे सेन्सर बिघडल्याचं नव्हे, तो शाबूत असल्याचं लक्षण होतं. मीटरवर शून्य आलं असतं किंवा काहीच आलं नसतं, तर तो खरोखर गेलेला.

मग दिवा का लागत होता? पावसाळा, घाट आणि थांबल्यावर आपोआप जाणं, या तिन्ही गोष्टी वायरिंगकडे बोट दाखवतात. चढावर मागच्या अ‍ॅक्सलवर भार येतो, चेसिसला पीळ बसतो, वायरचा जुडगा ताणला जातो. ओढ सुटली की तुटकी तार पुन्हा टेकते आणि दिवा जातो. सेन्सरच्या ब्रॅकेटजवळ हा जुडगा एका प्लॅस्टिकच्या क्लिपने धरलेला असतो. ती क्लिप तुटली की जुडगा ब्रॅकेटच्या कडेवर घासत राहतो. वरून काळं आवरण धडधाकट दिसतं, आत तांब्याची हिरवी पूड झालेली असते.

मीटरचा खरा उपयोग इथे आहे. चावी बंद करून ईसीयूचा कपलर काढा आणि त्या टोकाकडून सेन्सरचे ओहम मोजा. 120 च्या आसपास आले की मीटर तसाच लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला ईसीयूपासून सेन्सरपर्यंत जुडगा वीत वीत हलवत जायला सांगा. जिथे आकडा उडेल तिथे कापून बघा. मग दोन्ही तारांचं चेसिसशी मोजा. तिथे काहीही दाखवता कामा नये. टेस्ट लॅम्प मात्र या तारांना अजिबात लावू नका. 24 व्होल्ट उलटे ईसीयूत गेले तर आत्ता जे खोटं आहे ते खरं होईल.

हे सगळं करण्याआधी एक काम राहतंच, आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. मोजपट्टी घ्या. सपाट जमिनीवर गाडी उभी करा, टायरची हवा सारखी करा, चेसिसच्या खालच्या कडेपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत डावीकडचं आणि उजवीकडचं अंतर मोजा आणि वहीत लिहा. स्कॅनरवर सेन्सरचे आकडे दिसतात, त्यांच्या शेजारी हे मिलिमीटर लिहा. गाडी खरोखर वाकडी आहे आणि सेन्सरही वाकडी सांगतोय, तर तो खरं बोलतोय. मग दोष हवेत, बेलोत किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधायचा. गाडी वाकडी आहे आणि सेन्सर सरळ सांगतोय, तर रॉड, ब्रॅकेट, आर्म. गाडी सरळ आहे आणि सेन्सरचा आकडा मधेच भलतीकडे उड्या मारतोय, तर वायर. एवढ्या तीन ओळींनी मी लोकांचे किती पैसे वाचवले असतील, आणि स्वतःची किती गिऱ्हाइकं कमी केली असतील!

आर्म सरळ केल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागेल. दोन सेन्सर एकाच खोक्यातले असले तरी त्यांचे आकडे हुबेहूब नसतात, आणि ईसीयूला जुन्याचे आकडे पाठ असतात. हवेच्या टाक्या पूर्ण भरलेल्या हव्यात. चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि हँडब्रेक सोडा, कारण ब्रेक धरलेला असताना गाडी वर-खाली केली की चाकं अडतात, अ‍ॅक्सल पीळ धरून बसतो आणि माप चुकतं. कंपनीने दिलेली उंची मोजपट्टीने दोन्ही बाजूंना आणायची, मग सॉफ्टवेअरला ‘हीच ती’ म्हणून सांगायचं. नेहमीची उंची, वरची हद्द, खालची हद्द, असं तीनदा. नजरेच्या अंदाजाने केलेलं कॅलिब्रेशन म्हणजे चुकीच्या घड्याळाला नवा सेल.

आणि हे ठळक छापायला मी संपादकांना सांगितलंय : चावी चालू असताना लिंक रॉड सोडून आर्म हाताने हलवू नका, चेसिसखाली घोडी लावल्याशिवाय तर मुळीच नाही. आर्म वर केलात की ईसीयू समजेल गाडी बसली आणि हवा भरेल. खाली केलात की हवा सोडेल, आणि गाडी तुमच्या खांद्यावर येईल. (तुमचा ट्रेलर ओढतो तो घोडा. गाडीखाली लावतो ती घोडी. घोड्याखाली जाताना घोडी विसरू नये.)

प्रश्न : सर, मी ऑटोमोबाइल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एका ट्रकचं एअर सस्पेन्शन अभ्यासते आहे. बेलोमध्ये प्रेशर सेन्सर आहेच. हवा किती आहे ते कळतं, मग उंची मोजायला वेगळा सेन्सर कशाला? आणि पुढच्या अ‍ॅक्सलला एकच सेन्सर का?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : मला सर नको म्हणूस, मिस्त्री म्हण. प्रश्न मात्र सरांना विचारण्यासारखा आहे.

प्रेशरवरून वजन कळतं, उंची कळत नाही. रिकाम्या ट्रकच्या मागच्या बेलोत समज दीड-दोन बार हवा आहे. तोच ट्रक भरला की त्याच उंचीवर उभं राहायला त्याला पाच-सहा बार लागतात. दोन्ही वेळा उंची तीच आणि दाब तिप्पट. आता गाडी भरलेली ठेवून थोडी हवा आत सोड. गाडी वर येईल, पण दाब जवळजवळ तिथेच राहील, कारण वरचं ओझं बदललेलं नाही. दाब ओझं ठरवतं, उंची हवेचं आकारमान ठरवतं. म्हणून प्रेशर सेन्सर अ‍ॅक्सलवर किती टन आले ते सांगायला वापरतात, आणि उंचीसाठी बाहेरून आर्म लावून मोजावंच लागतं. प्रोजेक्टमध्ये हा प्रयोग कर. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे चार आकडे टेबलात मांड. परीक्षक पान उलटणार नाहीत.

पुढे एकच का, याचं उत्तर तुझ्या घरच्या तिपाईत आहे. तिपाई कशाही जमिनीवर डुगडुगत नाही, चार पायांची खुर्ची डुगडुगते. तीन बिंदूंनी पातळी ठरते. मागे दोन आणि पुढे मध्यात एक, एवढ्यात चेसिसची पातळी पक्की होते. ट्रकला चौथा लावला तर चेसिसला जरा पीळ बसताच चौघांत भांडण लागतं आणि व्हॉल्व्ह दिवसभर फुसफुसत राहतात. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्सच्या सित्रोएनने 1955 साली डीएस ही मोटार काढली, तिचं सस्पेन्शन तेल आणि वायूवर चालणारं. तिच्यात उंची राखणारी झडप अँटीरोल बारच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या, मध्याशी रॉडने जोडलेली होती. बारचा मध्य म्हणजे आपोआपच डाव्या-उजव्या चाकांची सरासरी! त्यात वायरही नव्हती आणि ईसीयूही नव्हता.

वरचं कळंबोलीचं उत्तर वाच. पण एक लक्षात ठेव, ते कॉइलच्या सेन्सरचं आहे. पिकअप, मोठ्या एसयूव्ही आणि मोटारींच्या हेडलाइटची पातळी राखणाऱ्या यंत्रणेत बऱ्याचदा तीन तारांचा सेन्सर असतो : एकीवर 5 व्होल्ट, एक अर्थिंगची आणि तिसरी सिग्नलची. आर्म फिरला की सिग्नल साधारण अर्ध्या ते साडेचार व्होल्टांच्या मधे फिरतो. तिथे मीटर लावून बघितलं तर आकडा खरोखर हलतो, आणि हललाच पाहिजे. मधेच एका जागी अचानक पडला तर आतली पट्टी झिजली. म्हणून कुठल्याही सेन्सरला हात लावण्याआधी तारा मोज, वायरिंगचा नकाशा बघ, मग मीटर.

एक गंमतही बघून ये. चालत्या गाडीत खड्ड्यात आर्म सतत नाचत असतो. ईसीयूने प्रत्येक नाचाला हवा भरली-सोडली तर टाकी पाच मिनिटांत रिकामी होईल. म्हणून तो चालताना सरासरी धरतो आणि सावकाश दुरुस्ती करतो. उभ्या गाडीत मात्र चटकन. ट्रकवर फोर्कलिफ्टने माल ठेवताना शेजारी उभी राहा. गाडी दबते, एक क्षण थांबते आणि सुस्कारा टाकत पुन्हा वर येते.

प्रश्न : आमची कुडाळ-मुंबई रात्रीची बस आहे. सकाळी स्टँडवर उभी केली की दुपारपर्यंत मागून उजवीकडे कलते. स्टार्ट केली की सरळ होते. सेन्सर बदलू का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : नको. सेन्सर हवा गळत नाही. बंद गाडीत तो झोपलेला असतो. तुमच्या बसला बहुधा सेन्सर नसून लेव्हलिंग व्हॉल्व्हच असेल, एकदा वाकून बघा : डबीतून वायर निघते की हवेच्या नळ्या? गाडी फुगलेली असताना उजव्या बेलोच्या खालच्या घडीवर, नळीच्या जोडावर आणि व्हॉल्व्हच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडावर साबणाचं पाणी मारा. घडीत लाल मातीचे बारीक खडे अडकून रबर कापलं जातं. कोकणात हे फार बघितलंय. धुताना तिथे पाण्याचा झोत मारा आणि टाक्यांतलं पाणी रोज काढत जा. स्टार्ट असतानाही कललेली राहायला लागली, तर मात्र दोन्ही रॉडांची लांबी मोजून मला लिहा.

प्रश्न : नमस्कार मिस्त्रीकाका. मी मूळचा साताऱ्याचा, सध्या एडमंटनला असतो. माझ्या पिकअपला चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन आहे. उन्हाळ्यात मित्राच्या सल्ल्याने सेन्सरचे आखूड लिंक रॉड ऑनलाइन मागवून बसवले. गाडी छान दोन इंच उंच झाली. पण जानेवारीत उणे 30 ला रोज सकाळी पुढची डावी बाजू खाली आणि स्क्रीनवर सर्व्हिसचा मेसेज. दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये, तळघरात, सगळं ठीक. सेन्सर गेला का?
— एक वाचक, एडमंटन, कॅनडा

उत्तर : बाळा, निगडीत पारा 9 वर आला की आम्ही गॅरेजसमोर टायर जाळून शेकत बसतो. उणे 30 चा मला अनुभव नाही. पण हवा इथली काय आणि तिथली काय, हिशोब एकच.

20 अंशांच्या गॅरेजमधून गाडी उणे 30 मध्ये आणली की बंद बेलोतल्या हवेचं आकारमान सुमारे सहाव्या हिश्शाने घटतं. दाब घटत नाही, कारण ओझं तेच. वर कराडच्या मुलीला हेच सांगितलंय. म्हणजे थंडीत गाडी थोडी बसणार हे ठरलेलंच. एरवी ईसीयू कॉम्प्रेसर चालवून ती भरून काढतो. तुझ्याकडे तो भरायला जातो, पण आकडा हलत नाही म्हणून सोडून देतो आणि मेसेज टाकतो. हलत का नाही? मला संशय त्या ऑनलाइन रॉडांचा आहे. रॉडच्या दोन्ही टोकांना बॉल असतो. स्वस्त रॉडात त्याचं रबरी बूट, म्हणजे टोपण, ढिलं असतं. आत रस्त्यावरचं मीठ आणि पाणी शिरतं, ते गोठतं आणि बॉल धरतो. तळघरात वितळलं की पुन्हा मोकळा. पुढच्या डाव्या चाकावरच का, तर तिथलं एक बूट बहुधा फाटलेलं आहे.

खात्री सोपी आहे. सकाळी, गाडी बाहेरच असताना, इंजिन बंद, किल्ली खिशात, खाली पक्के स्टँड. जॅक लावण्याआधी मेनूमधला जॅक मोड चालू कर, नाहीतर गाडी वर उचलली गेलेली पाहून ईसीयू मधेच हवा सोडेल. मग रॉडचं एक टोक काढ आणि आधी सेन्सरचा आर्म बोटाने फिरव, नंतर रॉडचा बॉल. आर्म लोण्यासारखा फिरला आणि बॉल कुरकुरला तर सेन्सर सोड, रॉड बदल. आर्मच अडला तर सेन्सरच्या शाफ्टमध्ये पाणी गेलंय, तो बदलायचा. वरून गरम पाणी ओतू नकोस. ते दहा मिनिटांत पुन्हा बर्फ होईल, आणि या वेळी आणखी आत जाऊन.

आता मी न विचारलेलं सांगतो, कारण वय झालंय. ते आखूड रॉड म्हणजे सेन्सरला खोटं बोलायला लावणं. ईसीयूला वाटतं गाडी नेहमीच्या उंचीवर आहे, खरं तर ती दोन इंच वर आहे. त्यावर तू ऑफ-रोडचं बटण दाबलंस की तो आणखी वर नेतो, आणि ते वरचं अंतर त्याच्या हिशोबात शिल्लक आहे पण बेलोत आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बरमध्ये शिल्लक नाही. पुढच्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटला कोन जास्त पडतो, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातो. चाकांचं अलाइनमेंट पुन्हा केलंस का, हे पत्रात लिहिलेलं नाहीस. केलं नसशील तर टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून बघ.

जुने, कंपनीचे रॉड फेकले नसशील अशी आशा आहे. असतील तर चारही परत लाव, सपाट जागेवर चारही कोपऱ्यांची उंची मोज, आणि गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यांशी पाच-सात मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तरच डीलरकडे कॅलिब्रेशनला ने. जाताना तुझे आकडे कागदावर लिहून त्यांच्या हातात दे.

साताऱ्यात कुठला रे तू?